पहाटे छातीवर कोण बसतं?

ही गोष्ट आपल्याकडे बहुतेक घरांत कुणी ना कुणी सांगितलेली असते, आणि सांगताना आवाज हळू झालेला असतो. पहाटे जाग आली. खोली ओळखीची, पंखा फिरतोय, शेजारी बायको झोपलेली दिसतेय, आणि तरी हात उचलत नाही. दाराशी कुणीतरी उभं आहे. ते जवळ येतं, छातीवर बसतं, श्वास कोंडतो, ओरडावं म्हटलं तर आवाज फुटत नाही. मग एकदम सगळं सुटतं आणि खोलीत कुणीच नसतं. दुसऱ्या कुणाची गोष्ट याहून साधी असते. झोप लागता लागता आईनं नावानं हाक मारली, अगदी स्पष्ट, आणि उठून बघितलं तर आई गावाला गेलेली.

ऐकणारा दोनपैकी एक उत्तर देतो. ‘स्वप्न पडलं असेल, पाणी पी आणि झोप.’ किंवा ‘बाहेरचं काहीतरी दिसतंय, एकदा दाखवून घ्या.’ पहिल्या उत्तरानं सांगणाऱ्याचं समाधान होत नाही, कारण स्वप्न कसं असतं ते त्याला माहीत आहे आणि हे तसं नव्हतं. दुसऱ्या उत्तरानं तो आणखी घाबरतो, आणि कधीकधी त्याला देवऋषीच्या दारात नेऊन बसवलं जातं. मला ही दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात. त्या माणसानं जे पाहिलं-ऐकलं ते खरोखर अनुभवलं. तो खोटं बोलत नाही, त्याला वेड लागलेलं नाही, आणि खोलीत कुणी आलंही नव्हतं. या सगळ्या गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, ते झोपेच्या अभ्यासकांनी बऱ्यापैकी उलगडलं आहे.

हे किती जणांना होतं?

जे समोर नाही ते दिसणं, ऐकू येणं किंवा अंगाला जाणवणं म्हणजे भास. त्यातले झोप लागताना होणारे भास वैद्यकात ‘हिप्नॅगॉजिक’ आणि जाग येताना होणारे ‘हिप्नोपॉम्पिक’ म्हणून ओळखले जातात. पहिली संज्ञा फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड मोरी यांनी १८४८मध्ये वापरली, दुसरी इंग्लंडच्या फ्रेडरिक मायर्स यांची. इथून पुढे मी ‘डोळा लागतानाचे’ आणि ‘जाग येतानाचे’ भास असंच लिहीन.

मॉरिस ओहायोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या जवळजवळ पाच हजार माणसांना फोनवरून झोपेविषयी प्रश्न विचारले. १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ३७ टक्के लोकांनी डोळा लागतानाचे भास होतात असं सांगितलं, आणि साडेबारा टक्के लोकांनी जाग येतानाचे. हे रुग्णालयात दाखल झालेले लोक नव्हते, घरोघरी राहणारी साधी माणसं होती. दर तिघांत एकाहून जास्त माणसांना होणारी गोष्ट आपण दबक्या आवाजात सांगतो, याचं मला फार वाईट वाटतं.

डोळा लागतानाचे भास बहुधा निरुपद्रवी असतात. मिटलेल्या डोळ्यांपुढे रंगांचे ठिपके, जाळ्या, नक्षी. अनोळखी चेहरे, एकातून दुसरा होत जाणारे. कुणाच्या तरी बोलण्याचे सुटे तुकडे, ज्यांना आगापिछा नसतो. दाराची बेल, फोनची थरथर, आपल्या नावाची हाक. कधी अंग तरंगतंय असं वाटतं, कधी पायरी चुकल्यासारखं होऊन सगळं शरीर दचकतं. काहींना डोक्याच्या आत बॉम्ब फुटल्यासारखा प्रचंड आवाज येतो आणि ते धडपडत उठून बसतात. त्याला ‘एक्स्प्लोडिंग हेड सिंड्रोम’ असं धडकी भरवणारं नाव आहे, पण त्यात इजा काहीच होत नाही आणि दुखतही नाही.

जाग येतानाचे भास कमी जणांना होतात, पण लक्षात राहतात तेच. कारण ते मिटलेल्या डोळ्यांपुढे घडत नाहीत. डोळे उघडे असतात, आपलं कपाट, आपली खिडकी, आपली मच्छरदाणी दिसत असते, आणि त्यातच ती आकृती उभी असते.

मेंदू झोपतो कसा?

नाटकात दोन प्रवेशांच्या मध्ये रंगमंचावर अंधार होतो. त्या अंधारात काळ्या कपड्यांतली बॅकस्टेजची माणसं येऊन आधीच्या प्रवेशातला सोफा उचलतात, नवी चौकट लावतात, नट आपापल्या जागी जाऊन उभे राहतात. हे सगळं दिवे लागायच्या आत उरकावं लागतं. समजा दिवे दोन क्षण आधी लागले, तर जुन्या दिवाणखान्यातला सोफा नव्या प्रवेशातल्या जंगलात दिसेल आणि मधोमध काळ्या कपड्यांतला एक माणूस. तो सोफाही खरा आणि ते जंगलही त्या प्रयोगातलंच. फक्त दोन्ही एकाच वेळी दिसायला नको होती.

मेंदूचे मुख्य प्रवेश तीन. एक जागेपण. दुसरी शांत झोप, जी हलकी होत होत गाढ होते. तिसरी रेम झोप, जिच्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात आणि सगळ्यांत ठसठशीत स्वप्नं पडतात. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३मध्ये ही तिसरी अवस्था जगापुढे मांडली. तोवर झोप म्हणजे मेंदूची सलग विश्रांती असाच समज होता. रात्रभरात साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं होतात. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटाकडे रेम झोप येते, आणि पहाटेकडे तिचा वाटा वाढत जातो. आपण जिला साखरझोप म्हणतो तिच्यात स्वप्नांची गर्दी असते ती यामुळे.

एका अवस्थेतून दुसरीत जाताना मेंदूचे सगळे भाग एकदम बदलत नाहीत. फ्रान्समधल्या लिऑनच्या संशोधकांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत तपासणीसाठी आधीच बसवलेल्या तारांवरून हे मोजलं आणि २०१०मध्ये मांडलं. डोळे-कानांकडून येणाऱ्या खबरी पुढे पाठवणारा मेंदूच्या मध्यातला भाग, थॅलॅमस, आधी शांत होतो. त्या खबरींचा अर्थ लावणारं वरचं आवरण त्यानंतर कितीतरी मिनिटं जागं राहू शकतं. बाहेरून काही येणं थांबलं आहे, पण अर्थ लावणारा विभाग अजून कामावर आहे. मग तो साठवणीतलं काढून वापरतो. दिवसभर ऐकलेल्या आवाजांतून एक हाक तयार होते, पाहिलेल्या चेहऱ्यांतून एक नवाच चेहरा.

साठवणीतलं म्हणजे नेमकं कुठलं, याचा एक सुंदर प्रयोग २०००मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी माणसांना काही दिवस ‘टेट्रिस’ हा वरून पडणाऱ्या ठोकळ्यांचा व्हिडिओ गेम खेळायला दिला आणि रात्री डोळा लागताना काय दिसतं ते विचारलं. बहुतेकांना ठोकळेच दिसले, खाली पडणारे, फिरणारे. या गटात पाच जण असे होते ज्यांच्या मेंदूला इजा झाल्यानं नवं काही आठवणीत राहतच नव्हतं. आपण हा खेळ खेळलो हेसुद्धा त्यांना आठवत नव्हतं. त्या पाचांपैकी तिघांनाही ठोकळे दिसले. ज्याची आठवण स्वतःलाही सापडत नाही, असं काहीतरी त्या क्षणी मेंदू वर काढू शकतो. म्हणून भासातला चेहरा ‘मी कधीच पाहिलेला नाही’ असं कुणी शपथेवर सांगितलं, तरी तो बाहेरून आला असा त्याचा अर्थ होत नाही.

हात का हलत नाही?

रेम झोपेत मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच कामात असतो. स्वप्नात आपण धावतो तेव्हा धावण्याचे हुकूम खरोखर सुटत असतात. ते पायांपर्यंत पोचले तर आपण पलंगावरून उठून भिंतीवर आदळू. म्हणून मेंदूच्या खोडातून मज्जारज्जूला निरोप जातो आणि हातापायांचे, मानेचे, घशाचे स्नायू सैल सोडले जातात. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासाचा मुख्य पडदा एवढे चालू राहतात. मिशेल जुव्हे यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून लिऑनमध्ये मांजरांवर प्रयोग करून हे दाखवलं. मेंदूच्या खोडातला तो ठरावीक भाग निकामी केला तर मांजर झोपेतच उठायचं, दबा धरायचं, नसलेल्या उंदरावर झेपावायचं.

आता दिवे लवकर लागले असं समजा. डोळे उघडले, शुद्ध आली, खोली दिसायला लागली, पण स्नायू सैल ठेवण्याचा हुकूम अजून मागे घेतलेला नाही आणि स्वप्न रंगवणारा भागही थांबलेला नाही. यालाच ‘स्लीप पॅरालिसिस’ म्हणतात. नावात पॅरालिसिस असला तरी अर्धांगवायूशी याचा संबंध नाही. ही अवस्था काही सेकंद ते थोडी मिनिटं टिकते आणि आपणहून जाते.

छातीवरचं ओझंही यातूनच येतं. बरगड्यांमधले स्नायू सैल असतात, श्वास पडद्यावर चाललेला असतो, उथळ आणि आपोआप. घाबरलेला माणूस मुद्दाम खोल श्वास घ्यायला जातो. छाती साथ देत नाही. श्वास चालू असतो, पण आपल्या हुकमात नसतो, आणि मेंदू त्याचा एकच अर्थ काढतो: वर काहीतरी दडपून बसलं आहे.

हे नव्या काळाचं, मोबाइलचं वगैरे दुखणं नव्हे. हॉलंडमधले वैद्य इसब्रांट व्हान डीमरब्रूक यांनी १६६४मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणात अशाच एका स्त्रीची हकिकत लिहून ठेवली आहे. रात्री तिला सैतान अंगावर बसल्यासारखं वाटे, श्वास कोंडे, हातपाय हलत नसत. आपल्याकडच्या कुठल्याही गावात आज कुणी सांगेल तेच, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. २०११मध्ये ब्रायन शार्पलेस आणि जॅक बार्बर यांनी तोवरच्या ३५ अभ्यासांतल्या ३६ हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली. सर्वसामान्यांत ७.६ टक्के लोकांना आयुष्यात निदान एकदा हा अनुभव आलेला होता. विद्यार्थ्यांत मात्र ते प्रमाण २८.३ टक्के निघालं. रात्री दोनपर्यंत अभ्यासिकेत बसून सकाळी सहाला उठणारी, दुपारी पुस्तकावरच डुलकी घेणारी स्पर्धा परीक्षांची मुलं पुण्यातल्या पेठांत हजारोंनी राहतात. घरापासून लांब, दहा बाय दहाच्या खोलीत, आणि असं काही झालं तर सांगायचं कुणाला हाही प्रश्न. हा लेख त्यांच्यापैकी कुणापर्यंत पोचावा अशी माझी फार इच्छा आहे.

पण तिथे कुणीतरी होतं, हे मला पक्कं जाणवलं, त्याचं काय?

हा आक्षेप सगळ्यांत जोरदार असतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. आकृती न दिसताही ‘कुणीतरी आहे’ ही जाणीव येते, आणि ती पाहण्या-ऐकण्यापेक्षा पक्की वाटते.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या ॲलन चेन यांनी अशा असंख्य हकिकती गोळा केल्या, तेव्हा त्यांचे तीन घोळके पडले. एक, कुणीतरी घरात शिरल्याची जाणीव, पावलं, कुजबुज. दोन, छातीवरचं ओझं, गळा आवळणं, आता मरतो अशी भीती. तीन, तरंगणं, उडणं, स्वतःच्या शरीराबाहेर पडणं. पहिल्या घोळक्याचं कारण असं मांडलं जातं की मेंदूतला धोका ओळखणारा भाग, अमिग्डला, रेम झोपेत फार तापलेला असतो. जाग येते तेव्हा भीती आधीच तयार असते, फक्त ती कशाची हे ठरायचं असतं. हालता येत नसलेला माणूस अंधाऱ्या खोलीत कारण शोधतो आणि खुंटीवरचा सदरासुद्धा पुरतो.

तिसऱ्या घोळक्यावर आणि ‘कुणीतरी आहे’ या जाणिवेवर प्रकाश टाकणारी एक घटना २००६मध्ये प्रसिद्ध झाली. स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके यांच्या गटाकडे अपस्माराची एक तरुणी तपासणीसाठी आली होती. तिच्या डाव्या कानाच्या वर-मागे असलेल्या मेंदूच्या भागाला सूक्ष्म विजेचा स्पर्श केला की तिला आपल्या मागे कुणीतरी असल्याचं जाणवे. ती आडवी असली की तो ‘कुणीतरी’ही आडवा, ती बसली की तोही बसलेला. तिच्या शरीराची जी खूण मेंदू सतत धरून असतो, तीच जरा बाजूला सरकून दुसरा माणूस झाली होती. झोपेच्या काठावर हाच भाग गोंधळलेला असू शकतो. दाराशी उभं असलेलं ते ‘कुणीतरी’ कदाचित आपलंच शरीर असेल, चुकीच्या जागी मोजलं गेलेलं. हा एकाच रुग्णाचा, तोही जागेपणीचा अनुभव, पण ‘कुणीतरी’ मेंदूतूनच उभं राहू शकतं हे त्यातून दिसतं.

मग सगळ्यांना सारखंच का दिसतं?

‘माझ्या आजीला दिसलं, मला दिसलं, पलीकडच्या गावातल्या माणसालाही तेच दिसलं. कल्पना असती तर प्रत्येकाची वेगळी नसती का?’ प्रश्न चांगला आहे. उत्तर असं की सगळ्यांचं शरीर सारखं आहे, म्हणून अनुभवाचा सांगाडा सारखा. हालता न येणं, ओझं, भीती, कुणीतरी असणं, हे जगभर एकच आहे. त्या सांगाड्यावरची वस्त्रं मात्र गावोगावी बदलतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी चेटकीण बसते. जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात. तुर्कस्तानात काराबासान येतो. मेक्सिकोत मेलेला माणूस अंगावर चढतो. आपल्याकडे कुणी हडळ म्हणतो, कुणी पिंपळावरचा मुंजा, गोव्यात कुणी देवचाराचं नाव घेतो. बाहेरून खरंच एखादी शक्ती येत असती, तर तिनं तुर्कस्तानात तुर्की आणि विदर्भात वऱ्हाडी रूप का घेतलं असतं?

आणि हे नाव देणं वाया जात नाही, त्यानं अनुभवच बदलतो. बालंद जलाल आणि डेव्हन हिंटन यांनी इजिप्त आणि डेन्मार्क इथल्या लोकांची तुलना केली. इजिप्तमध्ये हे जिन्नाचं काम असा समज बऱ्याच जणांत होता. डेन्मार्कमध्ये लोक शरीराचं किंवा झोपेच्या वेळांचं कारण सांगत. इजिप्तमधल्या लोकांना भीती जास्त वाटत होती, आणि हालता न येण्याचा काळही जास्त होता. भीतीनं झोप मोडते, झोप मोडली की पुढच्या रात्री असा प्रसंग यायची शक्यता वाढते, आणि तो आला की आधीचा समज पक्का होतो. घरातल्या मोठ्यांनी ‘बाहेरचं आहे’ असं एकदा म्हटलं की हे चक्र फिरायला लागतं. म्हणून त्या वाक्याला मी निरुपद्रवी मानत नाही.

देवाचं नाव घेतलं आणि सुटलो, हे खोटं का?

खोटं नाही. रामरक्षा म्हटली, येशूचं नाव घेतलं, कलमा पढला, आणि अंग सुटलं, असं सांगणारे खरंच सांगतात. एक तर हा प्रसंग आपणहून संपतोच, त्यामुळे त्या वेळी जे काही केलं त्याला श्रेय मिळतं. पण एवढंच म्हणून थांबणं अन्यायाचं होईल. पाठ असलेले, लहानपणापासून धीर देणारे शब्द मनात म्हटल्यानं भीती उतरते, लक्ष त्या आकृतीवरून हटतं, आणि झटापट थांबते. जलाल यांनी २०१६मध्ये सुचवलेली पद्धत याच्या फार जवळची आहे. आधी स्वतःला सांगायचं की हे काय आहे ते मला माहीत आहे आणि ते जाणार आहे. मग यात धोका नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही, असं मनाला बजावायचं. मग लक्ष पूर्णपणे आत वळवून एखाद्या प्रिय गोष्टीवर ठेवायचं, प्रार्थना असो की आईचा चेहरा. आणि अंग हलवायची धडपड सोडून सैल पडायचं. काही लोकांना सगळं शरीर ओढण्याऐवजी नुसतं पायाचं बोट हलवल्यानं सुटका होते. शेजारी झोपलेल्याला हे ठाऊक असेल तर त्यानं नावानं हाक मारावी, खांद्याला हात लावावा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

गेलेली माणसं दिसतात, तेही भासच?

इथे मला जपून लिहायचं आहे. वडील जाऊन महिना झाला आणि पहाटे ते खुर्चीत बसलेले दिसले, असं सांगणाऱ्याला त्या दिसण्यातून आधार मिळालेला असतो. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी १९७१मध्ये २९३ विधवा-विधुरांशी बोलून लिहिलं की त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराची चाहूल, स्पर्श किंवा आवाज कधी ना कधी जाणवला होता, आणि तो केवळ झोपेच्या काठावर नव्हे. त्यांतल्या बहुतेकांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. हा आजार नाही. ज्या माणसाची पावलं चाळीस वर्षं ऐकली, ती पावलं मेंदू एकदम ऐकायची थांबवत नाही. अशा वेळी कारणमीमांसा ऐकवायची घाई करू नये. विचारलं तर सांगावं.

वेडाची सुरुवात तर नाही ना?

डॉक्टरकडे न जाण्यामागे सगळ्यांत मोठी भीती हीच असते. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात आवाज दिवसाढवळ्या, पूर्ण जागेपणी येतात, तासन्‌तास येतात, टोमणे मारतात, हुकूम सोडतात, आणि ते खरेच आहेत याबद्दल त्या माणसाला शंका नसते. झोपेच्या काठावरचे भास झोपेच्या काठावरच राहतात. पूर्ण जाग आली की ‘असं कसं झालं?’ हा प्रश्न आपला आपल्यालाच पडतो. हा प्रश्न पडणं चांगलं लक्षण आहे.

तरी काही वेळा दाखवायलाच हवं. दिवसा आवरत नाही अशी झोप येते, बोलता-बोलता, जेवताना डोळा लागतो, आणि खळखळून हसताना गुडघ्यांतला जोर जाऊन माणूस खाली बसतो, यासोबत हे भास असतील तर तो नार्कोलेप्सी नावाचा मेंदूचा आजार असू शकतो. जागेपण टिकवून ठेवणारं ओरेक्सिन हे रसायन १९९८मध्ये सापडलं. ते बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की प्रवेश बदलण्याची सगळी शिस्तच मोडते, आणि भरदिवसा रेम झोप घुसते. हा आजार बऱ्याचदा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो. त्या मुलांना वर्षानुवर्षं आळशी ठरवलं जातं, आणि भास सांगितले तर मनोविकाराचा शिक्का बसतो. त्यावर औषधं आहेत.

जोरात घोरणारा माणूस गुदमरून उठत असेल, तर श्वास खरोखरच अडकत असण्याची शक्यता आहे. तो स्लीप ॲप्निया, आणि त्याचे उपाय वेगळे. साठी उलटलेल्या माणसाला पूर्ण जागेपणी घरात लहान मुलं किंवा जनावरं दिसायला लागली, किंवा कुणी झोपेत खरोखर लाथा-बुक्क्या मारू लागला, तर मेंदूच्या डॉक्टरला दाखवावं. झोपेतल्या त्या हाणामारीत स्नायू सैल करणारा हुकूमच सुटत नसतो, म्हणजे स्लीप पॅरालिसिसच्या नेमकं उलट, आणि काहींमध्ये ती पुढे येणाऱ्या पार्किन्सन्सची आगाऊ खूण ठरते. नैराश्यावरची औषधं किंवा दारू अचानक बंद केल्यावरही दबलेली रेम झोप उसळून वर येते, म्हणून असे बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत.

बाकीच्यांसाठी उपाय साधे आहेत आणि ते बऱ्यापैकी लागू पडतात. झोपेची आणि उठायची वेळ रोज एकच ठेवणं, पुरेशी झोप घेणं, उताणं न झोपता कुशीवर झोपणं. उताण्या झोपेत हे प्रसंग जास्त येतात असं अभ्यासांत दिसलं आहे. आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगारांना, नर्सना, कॉल सेंटरवाल्यांना वेळ एक ठेवता येत नाही. त्यांनी निदान हे समजून असावं की रात्रपाळी संपवून सकाळी झोपल्यावर असं होण्याची शक्यता जास्त आहे.

या काठावर भीतीखेरीज काही आहे का?

आहे, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२१मध्ये १०३ जणांना एक गणिती कोडं दिलं, ज्यात एक छुपी युक्ती होती. मध्ये वीस मिनिटं हातात एक वस्तू धरून डुलकी घ्यायची मुभा दिली. गाढ झोप लागली की हात सैल पडून वस्तू खाली पडणार. जे निदान पंधरा सेकंद त्या पहिल्या, उथळ झोपेत गेले त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांना पुढे ती युक्ती सापडली. जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना, आणि त्याहून खोल झोपेत गेलेल्यांपैकी फक्त १४ टक्क्यांना. ज्या अवस्थेत अनोळखी चेहरे दिसतात, त्याच अवस्थेत सुटे धागे जुळतातही.

घरातल्या कुणी सांगितलं तर

महाराष्ट्रात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला आणि त्यांच्या खुनानंतर तो आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीनं-साखळीनं बांधणं, काठीनं किंवा चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. देवपूजा, वारी, नामस्मरण यांना हा कायदा हात लावत नाही. मार बहुतेकदा बाईच्या किंवा मुलीच्या वाट्याला येतो, म्हणून सुनेनं किंवा लेकीनं पहाटेची अशी काही गोष्ट सांगितली तर पहिल्यांदा ऐकून घ्या. कधी झालं, कशी झोपली होतीस, आधी किती रात्री जागलीस, दिवसा झोप येते का, हे विचारा.

दोन आठवडे एका वहीत झोपायची-उठायची वेळ आणि असं घडलं ती वेळ लिहून ठेवली, चालू गोळ्यांची यादी सोबत घेतली, तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून करता येते. गरज वाटली तर ते झोपेच्या तज्ज्ञाकडे पाठवतात. तिथे एक रात्र डोक्याला आणि छातीला तारा लावून झोपवतात, आणि नार्कोलेप्सीचा संशय असेल तर दुसऱ्या दिवशी ठरावीक अंतरानं चार-पाच वेळा डुलकी घ्यायला लावून झोप किती लवकर लागते आणि रेम झोप किती लवकर येते ते मोजतात. दुखत काही नाही. मन फार घाबरलं असेल आणि आधी कुणाशी नुसतं बोलायचं असेल, तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेली-मानस सेवा चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.